अनंतावरचं शून्य

बोंबलाचं डोकं मोडता मोडता सुगंधाचा हात थांबला. बाहेर ओटीवर तिची सून तेजल बीएस्सीच्या चार मुलांना शिकवत होती.

"कण कुठे सापडेल याची शक्यता ही लाट सांगते. लांब जावं तशी ती बारीक होत जाते. पण कितीही लांब गेलात, तरी पूर्ण संपत नाही. शून्य होते ती फक्त अनंतावर."

हे वाक्य सुगंधाने कधीच पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं. क्वांटम-बिंटम तिच्या बापजन्मात कोणी ऐकलं नव्हतं. पण सात वर्षांपूर्वी भाग्येशची होडी एडवणच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेली ती गेलीच. ना लेक मिळाला, ना होडीची फळी. अशा आईला एवढं पुरे होतं. लांब असेल, पण शून्य नाय.

मुलं गेली आणि सुगंधाचा धाकटा दीर बन्सी पेंढा घेऊन आला. देह न मिळालेल्या माणसाचा पेंढ्याचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. सुगंधाने ती आजवर होऊ दिली नव्हती.

"वहिनी, आता तरी हो म्हना," बन्सी म्हणाला. "तेजलला उमरोळीचं स्थळ आलंय. मानूस भला हाय. पन तुमी हो म्हटल्याबिगर ती मान हलवत नाय."

"माज्या पोराला मी जाळू? जिभेला काय हाड हाय का नाय, भावजी? इचारा तिला! तीच शिकवते ना, शून्य कुठंच होत नाय म्हनून!"

फळा पुसणाऱ्या तेजलचा हात फळ्यावरच राहिला. आतून रोज कोण काय ऐकतंय, हे तिला आज कळत होतं.

"आई, ते माणसांचं नाही हो. अगदी बारीक कणांचं असतं."

"पन खोटं हाय काय?"

"खोटं नाही."

"मग त्या अनंतावर कोन जाऊन आलं? तिथं शून्य हाय, हे तुला कोनी सांगितलं?"

"कोणीच नाही. तिथे शून्य धरावंच लागतं, आई. नाही धरलं तर सगळ्या शक्यतांची बेरीज मिळून एक होत नाही. गणित तिथंच अडून बसतं." तेजलने खडू खाली ठेवला. "अडूनच बसतं."

सुगंधाने सुनेकडे बऱ्याच दिवसांनी धड पाहिलं. तेविसाव्या वर्षी या घरात एकटी पडलेली पोर. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. अगं बाई, हिचं मी काय करून ठेवलं, असं सुगंधाच्या मनात आलं.

तिने हात धुतले. वास जाईना, म्हणून पुन्हा धुतले. मग येऊन पेंढ्यापाशी बसली आणि म्हणाली, "बांदा."

बन्सीने घाईघाईने पेंढ्या जोडून सुतळी आवळली.

"सोडा ते!"

आली का पुन्हा पंचाईत, असं तोंड करून बन्सी बाजूला झाला. सुगंधाने गाठ सोडली, वरच्या बाजूला आणखी पेंढा जोडला, हात पसरून माप घेतलं आणि जाळ्याला मारतात तशी पक्की गाठ मारली.

"आखूड करत होता तुमी. दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं त्याचं."

मग सुनेकडे न बघता म्हणाली, "तेजल, त्याचा निळा शर्ट आन. खांद्यात बसतो का बगू."