गैरहजर माणसाचा वाटा

माहा भाऊ निकेश चंद्रपूरले मोबाइलचे ॲप बनवते आणि मी त्याच ऑफिसात ते तपासते. म्हणजे त्याच्या चुका काढाचा मले पगार भेटते. घरी फुकट काढते.

आमचं गाव मालगुजारी तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारायनं बांधलेल्या गावच्या तलावावर जगते. मोठं जाळं ओढाचं तं सारं गाव पाण्यात पायजे. मग मासोळीचे वाटे पळसाच्या पानायवर पडतात. जो आला नाई, आजारी असो का पाहुणा गेला असो, त्याचाही सारखाच वाटा पडते. यावरून कोणी कधी भांडला नाई.

निकेशनं गावासाठी 'हाक' नावाचं ॲप बनवलं. जाळं टाकाचं ठरलं का तो बटण दाबते आणि साऱ्यायच्या फोनवर भोंगा वाजते. कोण आला, कोण नाई, ही हजेरीही ॲपच लावते. ॲप एकच, पण अँड्रॉइडवर भोंगा वाजवाची रीत वेगळी आणि आयफोनवर वेगळी, म्हणून तपासण्याही वेगळ्या. आयफोनची तपासणी अँड्रॉइडवर चालत नाई, ती वगळावी लागते. आमच्या ऑफिसात आयफोन एकच, सरांचा, आणि त्याले सर कोणाले हात लावू देत नाई. म्हणजे आयफोनच्या साऱ्या तपासण्या रोज वगळलेल्या. रिपोर्ट मात्र हिरवागार.

"काऊन रे," मी विचारलं, "ज्या तपासण्या झाल्याच नाई, त्या पास कशा?"

"आल्या नाई म्हणून त्यायचा वाटा माराचा का, ताई?"

मले वाटलं गंमत करून राह्यला. पाह्यलं तं खरंच तसं लिहून ठेवलं होतं. हजर तो पास, गैरहजर तोही पास. मी त्याच्याशी कचाकचा भांडली. तो म्हणे, गावात आयफोन आहे तरी कोणापाशी?

आला ना. मासेमार सोसायटीचे अध्यक्ष उमाजीभाऊ, त्यायचा पोरगा गडचांदूरले सिमेंट कंपनीत आहे, त्यानं बापाले घेऊन देल्ला. पुढच्या खेपेले गाव कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढून राह्यलं आणि उमाजीभाऊ घरी घोरत होते. त्यायचा भोंगा वाजलाच नाई. ॲपनं त्यायले गैरहजर लावलं आणि वाटा घरपोच गेला. चांगली गलेलठ्ठ रोहू. गावानं ते डोळे भरून पाह्यलं.

मग गावाले आयफोनचं येड लागलं. जुने, फुटक्या काचेचे, भेटेल ते लोकायनं आणले. शेजारच्या सुकलूभाऊनं तं चालूच न होणारा आणला.

"भाऊ, हा मेलेला आहे," मी म्हटलं.

"वाजला नाई म्हणजे झालं, पोरी."

मी निकेशच्या मागं लागली, दुरुस्त कर म्हणून. तो दर वेळी रिपोर्ट दाखवे. हिरवा.

अशात माहा साखरपुडा ठरला. देवानंद ऊर्जानगरचा, वीज केंद्रात शिफ्टची ड्युटी करते. मले तो आवडते, खोटं काऊन बोलू. त्याची माय गिरजाबाई पहिलेच बोलून गेल्या होत्या का पाहुण्यायले तुमच्या तलावाची मासोळी खाऊ घाला, नाई तं सोयरीक कशाची. म्हणजे माहं लगन त्या एका जाळ्यावर अडकून होतं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी तलावावर निकेशनं बटण दाबलं. दोन भोंगे वाजले. एक त्याच्या खिशात, एक माह्या हातात. बाकी पाणी आणि बगळे. मी घरोघर पळाली. सारे खाटेवरून तेच सांगत, "हाक आली नाई पोरी, मग यायचं कसं?"

दुपारी मात्र सारं गाव भांडी घेऊन वाट्याले हजर. उमाजीभाऊनं रीतीप्रमाणं पळसाची पानं मांडली. साऱ्यायचे वाटे अगदी सारखे पडले. कोणाच्याच पानावर काही नव्हतं.

तेवढ्यात पाहुण्यायची गाडी आली. गिरजाबाईनं रिकाम्या पानायची ती रांग पाह्यली आणि विचारलं, "पंगत उठली का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मले झालं. मी गाडीत देवानंदले शोधलं. तो नव्हता.

"तो ड्युटीवरून येऊन झोपला होता," गिरजाबाई म्हणाल्या. "हाक वाजली का मोटरसायकलनं निघतो म्हणे."

त्याले मीच हौसेनं ॲपात घातलं होतं. त्याचा फोन कोणता, हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. आयफोन.

"पोरगा नाई, मासोळी नाई. चला वापस," म्हणून गिरजाबाई गाडीकडे वळल्या.

उमाजीभाऊनं हात जोडून त्यायले अडवलं. "आला नाई म्हणून त्याचा वाटा माराचा का, बाई?"

त्यायनं देवानंदच्या वाट्याचं एक पान माह्यासमोर ठेवलं, त्याले हळदकुंकू लावलं, वर नारळ आणि अंगठी ठेवली. गिरजाबाईले त्यात काय पटलं देव जाणे, पण त्या बसल्या. अशा तऱ्हेनं पळसाच्या पानासोबत माहा साखरपुडा झाला. निकेशनं फोनवर ॲप पाह्यलं, गैरहजर देवानंदच्या नावासमोरही हिरवं आलं होतं. मले रडू येत होतं आणि निकेशच्या कानाखाली ओढावीही वाटत होती.

संध्याकाळी मीच साधा फोन लावला. देवानंद झोपेतून उठला. "रीता, निघू का आता? हाक तं आलीच नाई."

"राहू दे. तुहा साखरपुडा झाला. पास झाला तू."

तो हळूच म्हणे, "मासोळी कशी होती?"

"तुहा वाटा काढून ठेवला आहे," मी म्हटलं. "साऱ्या गावाएवढाच."