सेहेचाळीस मासे

मी झोपडी बोलतेय. मासे धरणाऱ्याची झोपडी. पण मला शोधायला वैनगंगेच्या काठी जाऊ नका, तिथे मी सापडणार नाही. मी चामोर्शीकडच्या एका गावात राहते, रुपालीच्या मोबाइलमध्ये, एका खेळात. या खेळात लोक वस्त्या वसवतात, खाणी खोदतात, भट्ट्या पेटवतात, आणि हजारो जण एकाच वेळी एकमेकांच्या वस्त्यांवर डोळा ठेवून असतात.

इतर खेळाडू आधी लाकूडतोड्याचं घर बांधतात. रुपालीने आधी मला बांधलं. घर ढिवरांचं, आजोबा उमाजी जन्मभर तलावावर जाळं टाकणारे. "आमच्या घरी आधी मासोळी येते, मंग बाकी," असं तिने अहेरीच्या रीताला कळवलं होतं. रीताची आणि तिची ओळख याच खेळातली.

माझं काम सोपं होतं. दर चाळीस मिनिटांनी पाण्यातून एक मासा काढायचा. तो खानावळीत जायचा. गिरणीतून पीठ यायचं, मासा आणि भाकर मिळून एक डबा व्हायचा. डबा मिळाला की खाणकामगार खाली उतरायचे. त्यांचं लोखंड भट्टीत, भट्टीतून लोहाराकडे, आणि शेवटी एक अवजार बाहेर. एक मासा, एक डबा, एक अवजार. रुपालीने वहीत ही साखळी बाणांनी काढली होती. बी.एस्सी.च्या परीक्षेलाही तिने इतक्या काळजीने आकृत्या काढल्या नव्हत्या.

साखळीत जिथे अडतं तिथे ती नेमकं बोट ठेवायची. लोखंड कमी पडलं तर खाण वाढवू नका, आधी डबे मोजा, असं ती संघातल्या सगळ्यांना सांगायची. संघ म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बारा वस्त्यांचा गट. त्याचे प्रमुख चंद्रपूरचे सुरेंद्रभाऊ, वय पन्नाशीच्या पुढे. ते तिचं म्हणणं ऐकायचे आणि चार दिवसांनी स्वतःचं म्हणून सगळ्यांना सांगायचे.

यंदा बारा वस्त्यांनी मिळून नदीवर पूल बांधायचा ठरला. प्रत्येकाने रविवारी संध्याकाळपर्यंत चारशे अवजारं द्यायची. रुपालीने साठ्याचं प्रमुखपद मागितलं. कोणती वस्ती काय पिकवेल, हे ठरवणारी ती जागा. सुरेंद्रभाऊंनी बोललेला निरोप पाठवला, "चारशे पुरे करून दाखवा रुपालीबाई, मंग पद तुमचं. जमत नसन तं आताच सांगा, माझ्या भाच्याले देतो."

ते 'बाई' तिला फार झोंबलं. त्याच दिवशी तिने मला पाचव्या पायरीवर चढवलं. चाळीस मिनिटांची दहा झाली. मी खूश होते. खोटं कशाला बोलू? मला थांबणं माहीतच नव्हतं. मासा काढला की पुढचा, तो काढला की पुढचा. पाण्यात किती उरले हे मी पाहिलं नाही आणि रुपालीनेही पाहिलं नाही. तिचे बाण माझ्यापासून सुरू व्हायचे. माझ्या मागे पाणी आहे, हे वहीत कुठेच नव्हतं.

तासातासाला माझ्या छपरावर भरलेली टोपली दिसायची. तिला बोट लावलं तरच मासे खानावळीत जायचे. रोवणीचे दिवस होते. रुपाली आईसोबत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेली की मोबाइल घरी चार्जिंगला राहायचा, म्हणून टोपलीचं काम तिने आबाजींना, म्हणजे उमाजींना, शिकवलं होतं. ते चष्मा लावून, बोट धोतराला पुसून, अगदी हळू माझ्या छपराला टेकवायचे. मला ते बोट आवडायचं नाही. फार सावकाश होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी टोपली उचलली आणि मोबाइल खाली ठेवलाच नाही. बराच वेळ माझ्यामागचं पाणी पाहत राहिले. पूर्वी तिथे मासोळ्यांच्या काळ्या सावल्या दाटीने फिरायच्या. आता इथे एक, तिथे दोन.

"आखाडात कोण मासोळ्या धरते?" ते स्वतःशीच म्हणाले. "अंड्यावर आल्या असतीन." आणि त्यांनी माझ्या दारावर बोट ठेवून लाल फुली आणली.

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू.

रुपाली चार वाजता आली, चिखलाच्या पायांनीच मोबाइल उचलला. खाणी बंद, भट्टी थंड. लोहाराकडे तीनशे पन्नास अवजारं.

"आबाजी, हे कोणं बंद केलं?"

"मी केलं."

"काऊन?"

"पाणी पाह्य ना पोरी. काई उरलंच नाई त्यात."

"हा गेम आहे आबाजी. तुमचा तलाव नाई."

"मासोळ्या तं आहेत ना त्यात?"

तिने पाण्यावर बोट ठेवलं. आकडा आला: सेहेचाळीस. मग तिने खेळाचं मदतीचं पान उघडलं, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. झोपडी बंद ठेवली तर मासे हळूहळू वाढतात, असं तिथे लिहिलं होतं. पाणी एकदा शून्यावर गेलं की कायमचं मेलं.

खानावळीत तिने राखून ठेवलेले चार डबे होते. चार डबे आणि सेहेचाळीस मासे मिळून पन्नास. चारशेला हवे होते तेवढेच. पण मग पाणी शून्यावर.

तिने रीताला फोन लावून मासे उसने मागितले. रीता हसली. "माझं पाणी आठ दिवसांआधीच मेलं. मी दुसऱ्या संघाकडून डबे घेऊन राह्यली. भाऊले सांगशीन नको." रीताला माहीत होतं, अजून दोघा-तिघांचंही तसंच झालंय. सगळे झाकून बसलेत.

फोन ठेवल्यावर रुपाली आबाजींकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमी बरोबर असान. पण मले विचारलं काऊन नाई? नेहमी असंच. तलावाच्या मच्छी सोसायटीत, घरात, सगळीकडे. तुमाले समजते म्हणून तुमी करून टाकता, आन् आम्ही घरी आल्यावर पाहतो."

आबाजी चष्मा काढून हातात फिरवत राहिले. मोठ्या माणसांची ही खोड मी काचेआडून पाहिली आहे. स्वतः चुकली की समजावत बसतात, बरोबर असली की विचारतही नाहीत.

शनिवारभर रुपाली माझ्यासमोर येत-जात राहिली. फुलीवर बोट न्यायची, उचलायची. मी आतून ओरडत होते, उघड, उघड, रविवारपर्यंत सहज होईल. तिची नजर माझ्यावरून सरकून पाण्यावर जायची.

रविवारी तिने चार डबे वापरले आणि संघाला तीनशे चौपन्न अवजारं दिली. सोबत लिहिलं, "आखाड आहे, मासोळ्या अंड्यावर असतात, म्हणून माझं पाणी बंद ठेवलं आहे. सगळ्यांनी आपापलं पाणी एकदा उघडून पाहा आणि आकडा इथे टाका." एकाने लिहिलं, "गेममंदी कुठून आला हा आखाड?" बरेच जण हसले. आकडा कोणीच टाकला नाही, रीतानेही नाही. सुरेंद्रभाऊंनी पद भाच्याला दिलं.

त्या संध्याकाळी रुपाली जेवली नाही. आबाजींशी तीन दिवस बोलली नाही. बोलावं असं मलाही वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते चष्मा लावून तिच्याशेजारी बसले. "एक विचारू का वो?"

"विचारा."

"मासोळी नाई तं डबा नाई. मंग हे गिरणी पीठ कोणासाठी दळून राह्यली? कोठार भरून गेलं. जवारी वाया जाते. तिले बंद करू का?"

रुपालीने पाहिलं. पीठ खरंच कोठाराबाहेर सांडत होतं. साखळीत जिथे अडतं तिथे बोट ठेवणाऱ्या मुलीला इतके दिवस हे दिसलं नव्हतं. तिने मोबाइल त्यांच्याकडे सरकवला.

"करा," ती म्हणाली. थोड्या वेळाने वही उघडून तिने माझ्या नावाच्या डावीकडे एक नवा बाण काढला. त्याच्या टोकाशी लिहिलं, पाणी.

आज पाण्यात एकोणसाठ मासे आहेत. संघात ती अजून आहे, पद नाही. रोज सकाळी ती सगळ्यांना विचारते, तुमचा आकडा किती? एकही दिवस कोणी उत्तर देत नाही. ती थांबत नाही.

मी मात्र थांबलेली आहे, आणि मला ते जमत नाही. हात शिवशिवतात. पाण्यात सावली हलली की छप्पर थरथरतं. मी कामासाठीच बांधलेली, रिकामं बसायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्याही हातात अशी वस्ती असेल, तर माझ्यासारखीला कधी उघडायचं ते पाणी पाहून ठरवा, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना विचारून ठरवा. मला विचारू नका. मी कधीही 'आत्ताच' असंच म्हणेन.