समुद्राकडचे खांब

वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार होतं. सकाळपासून गाव नव्या क्रीडागृहात आसऱ्याला येऊन चटया पसरत होतं. तेओदोरा गुमबान तिथे पेजेचं पातेलं ढवळत होत्या. इलोइलो शहरातल्या कॉलेजात होऊ घातलेल्या इंजिनिअरांना नि नर्सांना नीतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते.

रोडेल भिजलेलाच आत आला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता सरकारी बांधकामावरचा इंजिनिअर. त्याने त्यांना कोपऱ्यात नेलं.

"मॅम, घरच्यांना घेऊन इथून निघा."

"का रे?"

"इथल्या समुद्राकडच्या खांबांत सळई कमी पडलीय. मला ठाऊक होतं. तरी सही केली."

तेओदोरांनी चटयांवरच्या गर्दीकडे हात केला. "आणि ही बाकीची माणसं?"

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात. फक्त माझं नाव नको."

"मी सांगितलं तर ती बाईंची शंका होईल. तू सांगितलंस तरच लोक उठतील. पण पडेलच का ते?"

"नाही सांगता येत. कदाचित उभंही राहील."

असला प्रश्न त्यांनी परीक्षेत कितीदा घातला होता. दोन्ही बाजू नीट मांडणाऱ्याला गुण मिळत. आता छपराचे पत्रे खडखडू लागले होते.

गावचा कॅप्टन, म्हणजे सरपंचच, ओस्टिंग पुढे झाला. त्याने सगळं ऐकलं होतं. "मॅम, हा तुमचा वर्ग नाही. दुसरा आसरा चर्चचा, ते टेकडीवर, आणि रस्त्यावर पाणी. म्हातारी माणसं वाटेत दगावली, तर कुणाच्या माथी?"

"तुम्ही म्हणता ते खरंय, कॅप. वाटेत कुणी दगावू शकतं."

"मग?"

"मग जे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनाही ठाऊक हवं. जीव त्यांचा आहे."

"घबराट होईल."

"होईल. रोडेल, माईक घे."

रोडेल हलला नाही. तेओदोरा त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी त्याने माईक घेतला आणि आपलं नाव सांगून सुरुवात केली. सळईचं सांगितलं, सहीचं सांगितलं, पडेलच असं नाही हेही सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "सही करताना डोळे घरी ठेवून आला होतास काय?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारा पाकिंग चटईवरून उठला. तेओदोरांना तो त्यांच्या लहानपणापासून इंदायच म्हणे, म्हणजे पोरगी. "इंदाय, तू काय करणार?"

"मी टेकडीवर जाणार, मामा."

"मग मीही येतो."

त्याच्यामागे बहुतेक गाव उठलं. दहा-बारा घरं तिथेच राहिली. ओस्टिंग तोंडाने शिव्या देत होता, पण दोर बांधून माणसांना पाण्यातून पार करत होता. चढावर पाकिंग एकाएकी खाली बसला. एका नर्सने पावसातच त्याची छाती दाबली. तो उठला नाही.

सकाळी वारा पडला. क्रीडागृहाचे अर्धे पत्रे उडाले होते. समुद्राकडच्या खांबांना तडे होते, पण ते उभे होते. आत राहिलेल्यांपैकी कुणाला खरचटलंही नव्हतं.

"उभं आहे, मॅम," ओस्टिंग म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते तेओदोरांना जास्त लागलं.

पाकिंगच्या घरी मृतासाठीचं जागरण सुरू झालं. शवपेटीशेजारी रीतीप्रमाणे पत्त्यांचा डाव चालू होता. तेओदोरा आल्या तसा तो थांबला. पाकिंगची बायको इस्का बाकावर बसली होती.

"तो तुझ्या भरवशावर निघाला," ती म्हणाली.

"हो, मामी."

"तू गप्प बसली असतीस तर?"

तेओदोरांकडे उत्तरं होती, शिकवलेली, चांगली. त्यांनी ती बाजूला ठेवली. "तर कदाचित आज मामा असते," त्या म्हणाल्या.

इस्काने त्यांना बाकावर शेजारी बसवलं. "हे तरी सरळ बोललीस. सकाळपासून जो तो मला देवाची मर्जी सांगतोय." मग तिने दाराकडे हात केला. "तो इंजिनिअर कुंपणापाशी ताटकळतोय. नोकरी गेली म्हणे त्याची. आत बोलव त्याला. मला त्याच्याशी बोलायचंय, आणि तेव्हा तूही इथेच बस."

तेओदोरा उठल्या आणि रोडेलला हाक मारायला बाहेर गेल्या.