एवनच्या शिक्क्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात राहणाऱ्या एवन नावाच्या टोळीप्रमुखाचा. सध्या मुक्काम दोहा, फैसलसाहेबांच्या खासगी संग्रहात. एसीत अगदी सुखात आहे हो!

माझं काम सोपं होतं. एवनने शपथ घ्यायची, मी गरम मेणावर उमटायचं, की अख्ख्या घराण्याने शब्द दिला. तेव्हा इंग्लंडचा राजा वरचढ होता, म्हणून एवनने त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली. तो नुसत्या शपथेवर थोडाच विसंबतोय! त्याने एवनचा धाकटा मुलगा, सात वर्षांचा कॉलिन, ओलीस ठेवून घेतला. पुढे स्कॉटलंडचा राजा सैन्यासह दाराशी आला, तेव्हा घर वाचवायला एवनने त्याच्याशीही निष्ठेची शपथ घेतली. लगेच इंग्रजांचा निरोप आला, कॉलिनला फासावर देऊ. एवन पुन्हा इंग्रजांकडे, मी पुन्हा त्यांच्या कागदावर! खरं सांगतो, मला माझीच लाज वाटायची. शेजारीपाजारी एवनच्या तोंडावर थुंकले.

सहा वर्षांनी कॉलिन सुटून आला. बापाने हाक मारली, पोराने इंग्लंडच्या दरबारात तेव्हा चालणाऱ्या फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. एवनला एक अक्षर कळलं नाही, तरी तो पोराला सोडेना.

एवन वारल्यावर, मला पुन्हा कुणी वापरू नये म्हणून, रिवाजाप्रमाणे माझ्यावर छिन्नीचा घाव घातला गेला, आणि मी कित्येक शतकं मातीत पडून राहिलो.

इथे मला पुण्याच्या अनुजाताईंनी स्वच्छ केलं. वस्तूंच्या पाट्याही त्याच लिहितात. परवा फैसलसाहेब आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “गद्दार का सिक्का, बस इतना लिखो. खलास!”

ताईंचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. त्यांनी मुकाट्याने पेन उचललं. शेजारी त्यांची लेक रुचा माझी फाइल वाचत बसली होती.

“कॉलिनचं वाचलंस का गं?” ताईंनी विचारलं.

“येस आई. ही जस्ट वॉन्टेड हिज किड बॅक.”

ताई लेकीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सर, गद्दार मैं नहीं लिखूँगी.”

माझं पितळ गार पडलं! साहेबांनी माझी फाइल पुढे ओढली. “तो क्या लिखोगी?”

आता माझ्याखाली पाटी आहे: ‘एवनचा शिक्का. त्याचा मुलगा सहा वर्षं ओलीस होता.’

मित्रांनो, कुणावरही पाटी लावायच्या आधी एवढंच विचारा, त्याचं लेकरू तेव्हा कुठे होतं?