त्रेचाळीस शेतांचा नकाशा

अवधूत जोर्वेकर रेघेचा पक्का माणूस. कतारमध्ये, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका कंपनीत तो सोळा वर्षं नकाशे काढत होता, आणि त्याची रेघ कुणाला खोडावी लागली असं कधी झालं नव्हतं. याचा त्याला भारी अभिमान. तोच पुढे नडला.

त्याचे वरिष्ठ एमलिन वेल्समधल्या एका डोंगरी खोऱ्यातले. रिटायर व्हायला चार महिने उरले तेव्हा ते त्याच्या टेबलाशी आले. "माझ्या खोऱ्याचा नकाशा काढून देशील? ऑफिसचं काम नाही. गावच्या जुन्या प्रार्थनाघरात भिंतीवर लावायचाय."

खोरं एवढंसं. मधून नदी, दोन्ही अंगांना मेंढ्यांचे डोंगर आणि दगडी बांधांनी आखलेली त्रेचाळीस शेतं. प्रत्येक शेताला वेल्श भाषेतलं नाव होतं, पण ते कुठल्याच कागदावर नव्हतं. एमलिननी अठराव्या वर्षी घर सोडलेलं. त्यांना तीनच नावं येत होती: झऱ्याचं, चिंचोळं आणि कोकरांचं. बाकीची थोरल्या बहिणीला, मेगनला, तोंडपाठ. ती ऐंशीला टेकलेली. शेजारची घरं सुट्टीपुरत्या येणाऱ्या शहरी लोकांनी घेतलेली; त्यांना शेतांच्या नावांशी काय देणंघेणं!

म्हणून ठरलं, की दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मेगनला फोन लावायचा आणि तिला विचारून नकाशा भरायचा.

इथे अवधूतचा शहाणपणा आडवा आला. त्याच्या धंद्याची रीत अशी, की आधी हद्द, मग नाव. उपग्रहाच्या फोटोवरून बांध नकाशावर उतरवायला बसला, तर काही झाडांखाली दडलेले, काही ढासळलेले. मग दर गुरुवारी तो त्या म्हातारीला विचारत राहिला, हा बांध ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? बिचारी आठवून आठवून सांगायची. मध्येच एखाद्या शेताचं नाव काढायची, की हा म्हणायचा, "नावं शेवटी घेऊ, मॅडम. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात."

"अरे, आधी नावं लिहून घे ना," दोह्यातल्याच मदिनत खलीफा भागातल्या घरी त्याची बायको पूर्णिमा चिडून म्हणाली. "बांध काय पळून जाणारेत?"

"तुला त्यातलं कळत नाही."

खरं तर तिलाच कळत होतं. सिन्नरकडच्या त्याच्या घरच्या जमिनीलाही गट नंबर होता, पण तो कधी कुणी तोंडाने घेतला नाही. चिंचेचं वावर, भुताचं वावर असंच सगळे म्हणायचे. नाव गेलं की शेताची नुसती जागा उरते, हे अवधूतला कुणी शिकवायला नको होतं.

शेवटचा बांध नकाशात बसला त्या गुरुवारी एमलिन चहा आणायला गेले होते. स्पीकरवर लावलेल्या फोनवर मेगन नदीकाठच्या लहान शेताबद्दल बोलायला लागली. त्याचं नाव घेतलं आणि एकटीच खळखळून हसली. "असं नाव का पडलं, सांगू?"

अवधूत दोन रेघांची टोकं जुळवत होता. "पुढच्या गुरुवारी, मॅडम. सगळी नावं एकदमच घेऊ."

मंगळवारी मेगन झोपेतच गेली.

एमलिन तिला माती देऊन दहा दिवसांनी परत आले. अवधूतनं नकाशा टेबलावर पसरला. बांध इंचाला इंच बरोबर. तीन शेतांत नावं, चाळीस कोरी.

"त्या दिवशी ती हसत होती," एमलिन म्हणाले. "मला दारातून ऐकू आलं. कुठल्या शेताचं सांगत होती?"

अवधूतनं नदीकाठच्या शेतावर बोट ठेवलं.

"काय नाव म्हणाली?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पडताळायला आता होतं कोण? पण जीभ रेटेना. "तिनं सांगितलं, सर. मीच लक्ष दिलं नाही." तिचं हसणं अजून त्याच्या कानात होतं, नाव मात्र काही केल्या आठवेना. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

एमलिन एकेका कोऱ्या शेतावरून बोट फिरवत गेले. नकाशाच्या कोपऱ्यात ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे ठळक अक्षरांत छापलं होतं: रेखाटन, अवधूत जोर्वेकर.

"एवढं माझं नाव काढून टाकतो, सर."

"राहू दे," एमलिन हळूच म्हणाले. "मेगन शेवटी ती नावं कुणाला सांगू बघत होती, एवढं तरी गावाला कळेल."