बायकोसाठी चालणारा नवरा

पोलादपुरात सकाळी रस्त्यावर घाम गाळणारी माणसं दोनच प्रकारची. एक पोलीस भरतीची पोरं, दुसरी डॉक्टरनं शुगर सांगितलेली. हार्डवेअरवाला आमोद दोन्हींत बसत नव्हता, त्यामुळे गावाला कारण शोधावं लागलं. या कामात गाव कधी कंटाळत नाही.

खरं कारण महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. अस्मिताच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. आमोदचे शुक्रजंतू कमी होते. "नुसत्या गोळ्यांवर राहू नका," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर गल्ल्यावर बसता, पोट सुटलंय. गोळ्या घ्या आणि रोज घाम निघेपर्यंत चाला. दोन्ही मिळून फरक पडेल."

बोगदा झाल्यापासून कशेडीच्या जुन्या घाटात गाड्या कमी. आमोद तिकडे जाऊ लागला. एकट्याला कंटाळा येईल म्हणून अस्मिताही निघाली, आणि तिथेच तिचं चुकलं. मूल नसलेलं जोडपं औषधपाणी करतंय म्हटल्यावर दोष बाईचा, हे ठरवायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. "बायकोसाठी बघा कसा पहाटे उठतो," लोक म्हणू लागले. आमोदची आई गोदावरीबाईही तेच अभिमानानं सांगत फिरल्या. आमोदनं कुणाचंच म्हणणं खोडलं नाही. कौतुक कुणाला नको असतं? अस्मिता म्हणायची, "निदान आईंना तरी सांगा." तो म्हणायचा, "सांगतो." असं वर्ष गेलं.

मग कापडे गावी आमोदच्या मावशीकडे, बनुबाईकडे, तिच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. एकेक सवाष्ण उठून ओटी भरत होती. अस्मिता उठली, तेव्हा बनुबाईनं तिच्या हातातलं ताट हलकेच काढून घेतलं. "तू बस गो. तुझं झालं की मग भर." आवाजात माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं.

आमोद दारात उभा होता. त्याला ते बघवलं नाही. तो आत येऊन म्हणाला, "मावशी, तिच्यात काही दोष नाही. माझ्यात आहे. गोळ्या मी घेतो. चालायला मला सांगितलंय."

बनुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "बघा, बायकोचा दोष आपल्या अंगावर घेतोय. असा नवरा सगळ्यांच्या नशिबात नाय गो."

आमोदनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून बायकांत बसलेल्या आईपुढे धरलं. गोदावरीबाई घाबरल्या. "अरे, तिच्या गोळ्या तू कशाला खातोस?"

दोघं गाडीवरून घरी परतले. दारात उतरल्यावर आमोद म्हणाला, "मी सांगितलं ना."

"वर्षानं सांगितलंत," अस्मिता म्हणाली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. "उद्यापासून एकटे जा चालायला. कुणी विचारलं, वहिनी का नाही आल्या, तर सांगा, तिला काही झालेलं नाही."