दाभणाची खूण

मार्चच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, एकशे बेचाळीस कागद होते, एप्रिलच्या रुमालात एकशे अठरा. प्रत्येक कागदाला डाव्या बाजूला दोन भोकं होती आणि त्यांतून दोरा ओवलेला होता. एप्रिलच्या एकाच कागदाला चार भोकं होती. गिदोन भालेरावनं मोजणी दोनदा केली. दोन्ही वेळा आकडे तेच आले.

सत्तेचाळीस सालचा मे महिना होता. तीस मार्चला संध्याकाळी कोल्हारच्या सभेत पुढारी काकासाहेब निमशांना भरगर्दीत गोळी घालून मारलं होतं. चौकशी नगरला मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे चालली होती. गिदोन पुण्याहून बीएस्सी होऊन आलेला, त्यांच्या कचेरीतला हंगामी कारकून. तिथल्या पोलीस ठाण्याचं दप्तर आलं तेव्हा ते मोजून यादी करायचं काम त्याच्याकडे आलं.

चार भोकांचा तो कागद हवालदार सूर्यभान गाडेचा अहवाल होता. एक माणूस पिस्तूल घेऊन बेलापुरात उतरला आहे, निमशांच्या सभांची चौकशी करतो आहे, बंदोबस्त व्हावा, असं त्यात लिहिलं होतं. वर ठाण्याचा आवक शिक्का होता, दोन एप्रिलचा. म्हणजे खुनानंतर तीन दिवसांनी. खालचा तारखेचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. ठाण्याची आवक नोंदवही मुंबईला कुठल्याशा तपासणीसाठी गेली होती, ती परत आली नव्हती. माहिती असून खून होईपर्यंत दडवून ठेवली, या आरोपाखाली सूर्यभान महिनाभर कोठडीत होता. शनिवारी साहेब निकाल लिहिणार होते. आरोप टिकला असता तर त्याच्यावर खटला चालला असता, आणि गाव संतापलेलं असताना तो कसा चालला असता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दप्तराबरोबर ठाण्याचा दफ्तरी आसाराम आला होता. पन्नाशीचा, पान खाणारा, कमी बोलणारा.

“उंदीर तारखेपुरतेच भुकेले होते म्हणायचं,” गिदोन म्हणाला.

“आमच्या ठाण्याचे उंदीर शिकलेले हायेत,” आसाराम म्हणाला.

कचेरीच्या पायरीवर सूर्यभानची बायको लंकाबाई बसून असायची. काष्टीहून ती आली होती, धर्मशाळेत उतरली होती. रोज तिला शिपाई उठवायचा, रोज ती चार हात सरकून पुन्हा बसायची. त्या दिवशी गिदोन पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा ती उभी राहिली.

“दादा, कागदं तुमीच मोजता न्हवं? रंगपंचमीच्या आदी दिलाय त्यांनी कागद. लिव्हताना मी कंदील धरला हुता.”

गिदोन म्हणाला की बायकोची साक्ष धरत नाहीत.

“माजी नगा धरू,” ती म्हणाली. “कागदाची धरा.”

त्यानं आत येऊन आसारामला विचारलं, भोकं कधी पाडता. आसारामनं सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सगळा गठ्ठा एकदम. जुना कागद तळाशी, नवा वर, चारी कडा ठोकून सारख्या करायच्या, आणि वरून दाभण मुठीपर्यंत. दोन घावांत महिना बंद. वीस वर्षं तो हेच करत आला होता. मार्चचा गठ्ठा त्यानं एकतीसच्या दुपारीच टोचला होता, खुनाच्या दुसऱ्या दिवशी, कारण महिना थांबत नाही.

म्हणजे चारांपैकी दोन भोकं एप्रिलची. उरलेली दोन मार्चची असणार, असं गिदोनला वाटलं. पण संध्याकाळी त्या ठाण्याचे फौजदार कचेरीत आले तेव्हा त्यांनीच विषय काढला. ते खुर्चीवर बसले नाहीत, टेबलावर टेकले. बाहेरच्या चौक्यांवरून कागद टाचूनच येतात, त्यामुळे जास्तीची भोकं असतातच, असं त्यांनी सांगितलं.

“आणि भालेराव, तुम्हाला मोजायला बसवलंय. वाचायला नाही.”

गिदोननं मान हलवली. मोजायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आसारामकडे दाभण मागितला. मूठ सोडून बोटभर लांब, टोकाशी सुईसारखा, मुठीशी पेन्सिलीएवढा. निमुळता. वरच्या कागदातून त्याचा जाड भाग गेला असणार, तळच्या कागदातून टोकाजवळचा. गिदोननं एकतीस मार्चचा कागद घेतला आणि त्याच्या वरच्या भोकात दाभण अलगद सोडला. तो जिथे अडला तिथे नख लावून टोकापासूनचं अंतर पट्टीनं घेतलं. बासष्ट मिलिमीटर. एक मार्चच्या कागदात चाळीसलाच अडला.

“बीएस्सीला भोकं मोजायला शिकवत्यात व्हय?” आसाराम म्हणाला.

“एखादा कागद द्या. तारीख झाकून.”

आसारामनं तळहातानं तारीख झाकून कागद पुढे केला. गिदोननं तीनदा मोजलं आणि बारा किंवा तेरा म्हणाला. आसारामनं हात काढला. बारा मार्च. त्यानं आणखी तीन कागद दिले. तिन्ही तारखा जुळल्या. पान थुंकायच्या निमित्तानं तो खिडकीशी गेला आणि तिकडे तोंड करूनच बोलला. एक एप्रिलला संध्याकाळी फौजदारांनी मार्चचा रुमाल घरी नेला होता. सकाळी परत आला तेव्हा दोऱ्याची गाठ त्याची नव्हती.

“हे साहेबांसमोर सांगाल?”

“मला दोन मुली हायेत, गिदोनराव.” तो टेबलाशी परत आला. मग टेबलावरचा दाभण उचलून त्यानं गिदोनच्या हातात ठेवला. “ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ठाण्यात ठेवला तर उंदीर खातील.”

शनिवारी साहेबांनी दाराला कडी लावून घेतली. फौजदार भिंतीशी उभे होते. साहेबांनी स्वतः मार्चचे दहा कागद काढले आणि तारखांवर पुठ्ठा धरला. गिदोननं दाभण सोडला, मोजलं, सांगितलं. नऊ तारखा बरोबर निघाल्या, एक एका दिवसानं चुकली. फौजदार म्हणाले की हा गारुड्याचा खेळ आहे. साहेबांनी वर न बघता सूर्यभानचा अहवाल पुढे सरकवला.

एप्रिलच्या दोन भोकांवर गिदोननं पांढऱ्या कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या. उरलेल्या दोहोंपैकी वरच्या भोकात दाभण तीनदा सोडला, तिन्ही मापं साहेबांना वाचायला दिली, आणि यादीच्या शेवटी लिहिलं:

आठ मार्चचा शेवटचा कागद, साडेपंचेचाळीस मिलिमीटर. दहा मार्चचा पहिला कागद, साडेशेहेचाळीस. हवालदार गाडे यांचा अहवाल, शेहेचाळीस.